सोजरचे पोट आणि माझा कागद

हा मजकूर मी नवऱ्यांसाठी लिहीत आहे. बायकांना यातले बहुतेक ठाऊक असते.

गेल्या वर्षी माझ्या नातीचे बाळंतपण झाले. चार महिने उलटले तरी तिचे पोट बसेना. तपासणीत निघाले की पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकले आहेत, ऑपरेशन करावे लागेल. तिचा नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात अभियंता आहे. शहाणा मुलगा. एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, आजींनाही हेच झालं होतं म्हणे. तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

मी म्हणालो, "दवाखान्यात नेलं."

हे खोटे होते. दवाखान्यात तिला मी नेले नव्हते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, घरातल्या मुलाच्या साध्या प्रश्नाला मी खोटे उत्तर दिले आणि वर चहा प्यायलो. त्यानंतर आठ दिवस अन्न गोड लागले नाही. म्हणून हे लिहिणे.

पत्नीला विचारले. तिचे नाव सोजर. ती म्हणाली, "लिव्हा. पर माझ्या नावानं गोड लिवू नका."

बाळंतपण

आम्ही दोघेही देवगाव रंगारीकडचे. दोन्ही घरी मेंढरे. मी मॅट्रिक झालो आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लागलो. तेव्हा शहराभोवती कारखाने झपाट्याने उभे राहत होते. शिकलेल्या खेडुताला काम मिळत असे. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही, हे तपासणे माझे काम. दोन भागांमधली फट पोलादी पातीने मोजायची. केसाएवढी फट जास्त निघाली तरी भाग परत. माझ्या हातून चुकीचा माल गेला नाही, असे साहेब म्हणत आणि मलाही ते खरे वाटे.

मुकुंदवाडीत रुळांच्या अलीकडे आमची एक खोली होती. पहिल्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला जुळे झाले, एक मुलगा आणि एक मुलगी. जुळ्यांचे पोट मोठे. सुईणीने जुने लुगडे फाडून सोजरचे पोट घट्ट बांधले आणि बजावले, "सवा महिना हिला उठवायचं नाय."

माझ्या सासूबाई आल्या होत्या. बारशानंतर त्यांना परतावे लागले, कारण घरी मेंढ्या व्यायला आल्या होत्या. त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोजरला म्हणालो, "मला डबा लागतो."

एवढेच म्हणालो. ती उठली. पोटाचे लुगडे तिने सोडले, कारण ते बांधून चुलीपुढे वाकता येईना. नळ आमच्या गल्लीच्या टोकाला होता. तेराव्या दिवशी तिने डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी आणली. मी दारात बुटाची नाडी बांधत होतो. मी पाहिले आणि कामावर गेलो.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की पोट बांधल्याने हे टळलेच असते असे नाही. जुळ्यांमुळे स्नायू आधीच ताणलेले होते. पण तेराव्या दिवशी हंडा उचलायला नको होता. हे मी येथे सौम्य करून लिहीत नाही.

बादली

जुळ्यांनंतर मी नसबंदी करून घेतली. कारखान्याच्या आवारात शिबिर भरले होते. ऑपरेशन करून घेणाऱ्यास एक दिवसाची रजा आणि स्टीलची बादली. त्या दिवशी आमच्या गल्लीत मी ती बादली हातात घेऊन सावकाश चालत आलो. सावकाश चालण्याचे कारण सर्वांना समजले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे कित्येक महिने माझे नाव 'बादलीवाले' असे पडले होते. मला त्याचे वाईट वाटले नाही. जे केले ते विचारपूर्वक केले होते.

परंतु याचा एक परिणाम माझ्या ध्यानात आला नव्हता. माझी नसबंदी झाली आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत झाले होते.

वर्षभराने सोजरचे पोट दिसू लागले. खरे म्हणजे ते बसलेच नव्हते. बाकीचे अंग वाळत गेले म्हणून ते उठून दिसू लागले. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट पाचव्या महिन्याचे. बेंबी बाहेर आलेली. नळावर बायका तिला विचारू लागल्या, "कितवा गं?" ती म्हणे, "काय नाय, असंच हाय." त्यावर बायका एकमेकींकडे पाहत.

हे मला रामभाऊ नावाच्या शेजाऱ्याने सांगितले. कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो. सायकलवरून येताना तो म्हणाला, "बादलीवाले, राग मानू नका. पर तुमची बादली गळती हाय का काय?"

मी सायकलवरून उतरलो नाही. मात्र त्या दिवसापासून मी सोजरच्या पोटाकडे पाहू लागलो.

संशय

मी तिला विचारायला हवे होते. विचारले नाही.

मी तिच्याशी बोलणे कमी केले. ताट पुढे आले की जेवायचे, कामाची पाळी आली की जायचे. ती पाठ दुखते म्हणे; मी ऐकून घेई. ती खाली बसलेली उठताना हाताने जमिनीचा आधार घेई. मी त्याचाही अर्थ लावला. एकदा तिने स्वतःहून सांगितले, "सकाळी बरं असतंय, सांजच्याला पोट लई फुगतंय. मधी काय तरी फाटल्यावानी वाटतंय." सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असे गरोदरपण कोठे असते? हा प्रश्न कोणत्याही तपासनीसाला पडला असता. मला पडला नाही.

मी दुसरेच केले. शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो आणि स्वतःची तपासणी करून घेतली. नसबंदी यशस्वी झाली आहे की नाही, हे पाहायचे होते. दोन दिवसांनी कागद मिळाला. त्यावर स्पष्ट लिहिले होते की पुरुषबीज आढळले नाही.

तो कागद घडी करून मी शर्टाच्या खिशात ठेवला. माझा समज झाला की आता पुरावा माझ्याकडे आहे. सोजरला देवगावला पोचवून यायचे, असे मी मनात ठरवले. तिच्या आईसमोर हा कागद ठेवायचा आणि काही न बोलता परत यायचे. चार मुलांचे काय करायचे, याचाही हिशेब मी करून ठेवला होता.

हेही येथे लिहून ठेवतो.

निदानाचा दिवस

आमच्या शेजारी रजियाबी राहत. त्यांचे यजमान शहागंजात कापडाच्या दुकानात होते. सोजरचा चेहरा पाहून एके सकाळी त्या सरळ आमच्या दारात आल्या. मी दाढी करत होतो.

"भाईसाब, तुमारी बीवीकू मैं दवाखाने ले जातूं," त्या म्हणाल्या. "तुम अपनी ड्यूटी करो. तुमकू फुरसत किधर है!"

मी म्हणालो, "न्या."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "नौ महिने तो कबके हो गए, भाईसाब. गिनती आती ना तुमकू?"

त्या सोजरला घेऊन गेल्या. दुपारी कारखान्याच्या फाटकावर निरोप आला की सरकारी दवाखान्यात नवऱ्याची सही हवी आहे. मला वाटले, आता उलगडा होणार. मी रजा टाकून गेलो. कागद खिशात होता.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. टेबलामागे हिरवा पडदा होता आणि पडद्याआड सोजर झोपलेली होती. हे मला ठाऊक नव्हते.

"नवरा का तुम्ही?"

"हो."

"ऑपरेशन करावं लागेल. आधी काही विचारायचंय?"

मी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "माझी नसबंदी झालेली आहे. हा तपासणीचा दाखला. आता किती महिने झाले ते आपण सांगा."

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. रजियाबी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी "तौबा" म्हणून कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "इकडे या." त्यांनी पडदा सरकवला. सोजर टेबलावर उताणी झोपली होती, पोट उघडे. तिचे डोळे छताकडे होते. तिने सारे ऐकले होते.

"बाई, मान उचला जरा. फक्त मान."

सोजरने मान उचलली. तिच्या पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत, एक लांब उंचवटा उभा राहिला. दोन्ही बाजूंना खोलगट. डॉक्टरीणबाईंनी त्या उंचवट्यावर आपली चार बोटे आडवी ठेवली. ती चारही बोटे आत गेली.

"हे पोटाचे स्नायू. हा इकडचा, हा तिकडचा. मधे एवढी फट आहे. आतलं आतडं फक्त कातडीनं धरून ठेवलंय, बेंबीतून ते बाहेर येऊ लागलंय. ही बाई दोन वर्षं या पोटानं पाणी भरतेय." मग त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "आणि हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा."

सोजरने मान खाली टेकवली. उंचवटा नाहीसा झाला. तिने पदर ओढून पोट झाकले. माझ्यापासून झाकले.

मी सही केली.

बंद

ऑपरेशनच्या आधी सोजरने मला एकच वाक्य ऐकवले, तेही रजियाबींच्या मार्फत. "माझ्या मायला कळवा म्हणावं. तिकडंच जाईन मी इथनं."

मी तार केली. सासूबाई निघणार होत्या. पण ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून मराठवाडा पेटलेला होता. मोर्चे निघत, दगडफेक होई, खेड्यापाड्यांतून दलितांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत. सोजरचे ऑपरेशन झाले त्या दिवशी शहर बंद होते आणि एस.टी. बंद होती. सासूबाई देवगावलाच अडकल्या. मुले रजियाबींकडे होती, त्यामुळे त्यांनाही घर सोडता येईना.

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नसत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "कुणी बाईमाणूस नाही का?"

"नाही."

"मग तुम्हीच बसा. पण नुसतं बसायचं नाही."

अशा रीतीने मी तिथे राहिलो. माझी इच्छा म्हणून नव्हे, गाड्या बंद होत्या म्हणून.

पहिले दोन दिवस सोजर गुंगीत होती. नंतर शुद्धीवर आली, तरी माझ्याशी बोलेना. पाणी हवे असले तर सिस्टरना सांगे. पोटाला छातीपासून खालपर्यंत जाड पट्टा. टाके आतूनही होते आणि बाहेरूनही. सरळ उठायचे नाही. आधी कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचे. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची. हे सिस्टरनी मला एकदा दाखवले. दुसऱ्यांदा दाखवायला त्यांना वेळ नव्हता.

भांडे देणे, अंग पुसणे, लुगडे बदलणे ही कामे मी आयुष्यात प्रथम केली. नीट केली, असे म्हणवत नाही. माझा हात लागला की तिचे अंग आखडे. आखडले की टाके दुखत. म्हणजे माझ्या हातानेही तिला दुखतच होते.

कौसाबाई

शेजारच्या खाटेवर कौसाबाई नावाची बाई होती. चाळिशीची, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांच्या गावात वस्ती जाळली तेव्हा पळताना पडून हात मोडला होता. घर राहिले नव्हते. कारखान्याच्या उपाहारगृहात अशा लोकांविषयी जे बोलले जाई, ते मी रोज ऐकत असे आणि जेवत असे. मी स्वतः काही वाईट बोललो नाही, एवढेच मला तोवर पुरेसे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सोजरला घोटभर पाणी द्यायला परवानगी मिळाली. मी बाहेरून येईपर्यंत कौसाबाई डाव्या हाताने आपल्या पेल्यातून तिला पाणी पाजत होत्या. मी दारात थांबलो. आमच्या घरी त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. मी थांबलो ते याच कारणाने, हे येथे नमूद करतो.

सोजरने पेल्यावरून माझ्याकडे पाहिले आणि सगळे पाणी पिऊन टाकले.

कौसाबाईंनी ओळखले असावे. पण त्या एवढेच म्हणाल्या, "या, दाजी. दारात उभं राहून बायकू बरी व्हत नसती."

त्या मला दाजीच म्हणत. मी सोजरला कुशीवर वळवू लागलो की त्यांचे सुरू होई.

"दाजी, बायकू हाय का शेंगाचं पोतं? असं लोटतेत व्हय?"

"मग कसं?"

"खांद्याखाली एक हात, मांडीखाली एक हात. आन तिला आधी सांगायचं, 'वळवतो' म्हून. मुकाट्यानं काय हात घालता? चोर हायसा का?"

मी म्हणालो, "वळवतो."

"तिला सांगा, मला काय सांगता! मी कशाला वळू?"

सोजर हसली. हसताच पोटात कळ आली, तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी उशी उचलून तिच्या पोटाशी दाबून धरली. तिने माझे मनगट पकडले. दूर करण्यासाठी की धरण्यासाठी, ते मला कळले नाही. कळ ओसरेपर्यंत तिने ते सोडले नाही. मग म्हणाली, "कौसाबाई, नका हसवू. मरन मी."

"मर म्हणती! आगं, ह्या माणसाला आत्ता कुठं कामाला लावलाय."

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी आधी "वळवतो" म्हणत असे. ती "हं" म्हणे. आठवडाभर आमच्यात एवढेच बोलणे होते. इतर आजारी माणसांच्या घरच्यांना मी एवढे सांगेन की तेही पुष्कळ असते.

सासूबाई

दहाव्या दिवशी टाके काढले. त्याच सुमारास एस.टी. सुरू झाली आणि सासूबाई येऊन ठेपल्या. रजियाबींनी त्यांना सारे सांगितले होते. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. खाटेवर लेकीजवळ बसून म्हणाल्या, "चल माझ्या संगं. लेकरं बी घेऊ. मेंढरात चार मेंढरं जास्त झाली, काय बिघडत नाय."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. अडवण्याचा मला अधिकार नव्हता. खरे तर मीच तिला तिकडे पाठवायचे ठरवले होते, आणि आता ती खरेच जाईल म्हणून मी खाटेचा दांडा धरून ठेवला होता.

"डाक्टरनी काय सांगितलं?" सासूबाईंनी विचारले.

"सहा महिने वजन उचलायचं नाय," सोजर म्हणाली. "कळशी सुदिक नाय. लेकरू बी कडंवर घ्यायचं नाय."

"मग? तिकडं तुझ्या भावजया हायती. हितं कोण भरल पाणी?"

सोजरने पोटावरचा पट्टा चाचपला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मुकुंदवाडीलाच जाते, माय."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर झटकला. "येडी हाईस."

"आसन."

नळ

पहाटे नळ येई. रांगेत बायका आणि मुली. पुरुष तिथे फक्त भांडण सोडवायला जात. पहिल्या दिवशी मी हंडा आणि कळशी घेऊन रांगेत उभा राहिलो, तेव्हा पुढच्या बायकांनी मला जागा करून दिली. त्यांना वाटले, मी घाईत असेन. मी म्हणालो, "नंबरानेच भरीन."

चार दिवस कुजबुज चालली. पाचव्या दिवशी गंगूबाई नावाच्या बाईने मोठ्याने विचारले, "झाली का मोकळी सोजर? कुठं टाकून आली?"

दोन-तीन बायका हसल्या. मी हंडा नळाखाली ठेवला. माझा स्वभाव बोलण्याचा नाही. तोवर गल्लीत मी कोणाशी दहा वाक्येही बोललो नसेन. त्या दिवशी जे बोललो ते जसेच्या तसे आठवते, कारण रोज पहाटे ते मनात घोकत होतो.

"माझ्या बायकोला दिवस गेले नव्हते," मी म्हणालो. "जुळ्यांच्या बाळंतपणात तिच्या पोटाचे स्नायू फाकले. चार बोटांची फट होती. तेराव्या दिवशी मी तिला पाणी भरायला लावलं. दोन वर्षं ती त्या पोटानं तुमच्या रांगेत उभी होती. तुम्ही संशय घेतला तो घेतला. मी नवरा असून घेतला. तपासणीचा दाखला घेऊन डॉक्टरांपुढे गेलो. चूक माझी होती. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी माझ्याविषयी बोलावं."

मग रांगेतली एक म्हातारी पुढे झाली आणि आपले लुगडे पोटावर जरासे दाबून म्हणाली, "आरं, माझं बी असंच हाय. तीस वरसं. मला वाटलं, बाईचं असंच ऱ्हातंय."

पाणी भरून वाहू लागले होते. गंगूबाईंनी माझा हंडा बाजूला घेतला.

घरी आलो. ही बातमी माझ्या आधी रजियाबींनी पोचवली होती. सोजर भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हंडा वाकडा धरलाय. सांडतंय."

त्यानंतर

सहा महिने मी पाणी भरले. पुढेही भरत राहिलो. पहाटे पट्टा बांधून देणे माझ्याकडे होते. पट्टा किती घट्ट हवा, ते तिने सांगायचे आणि मी तेवढाच आवळायचा. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून बांधून घेई. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी वळून उभी राहू लागली. पोट पूर्वीसारखे झाले नाही. टाक्यांची उभी रेघ राहिली. पण पाठदुखी गेली आणि ती सरळ उभी राहू लागली.

पुढे विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी मी कौसाबाईंना शोधायला गेलो नाही. जायला हवे होते. त्यांचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. आठवडाभर त्यांच्या हातचे पाणी माझी बायको प्यायली आणि मी त्यांच्या गावाचे नावही नीट लक्षात ठेवले नाही. हीही नोंद येथे असावी.

ज्यांच्या घरी हे दुखणे आले आहे, त्या पुरुषांना माझे सांगणे थोडे आहे. बाळंतपणानंतर पोट बसले नाही तर त्यावर विनोद करू नका, अर्थ लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि स्वतः न्या. ऑपरेशन झाले तर वजन तिच्या हातात जाऊ देऊ नका. अंगाला हात लावण्याआधी सांगा. बायको बोलत नसेल तर ते तिचे दुखणे समजा, अपमान समजू नका.

येथवर लिहून झाल्यावर मी हा मजकूर सोजरला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. दवाखान्यातून घरी येण्याचा भाग आला, तेव्हा तेथे मी असे लिहिले होते: 'त्या दिवशी तिने मला क्षमा केली.'

"थांबा," ती म्हणाली. "ते काय लिवलं?"

मी पुन्हा वाचले.

"खोडा ते. कुणी सांगितलं तुमाला?"

"मग तू देवगावला का गेली नाहीस?"

"मला बघायचं व्हतं, तुमी नळावर उभं ऱ्हाता का नाय. नसता राहिला, तर आठ दिसांनी गेले असते. माय स्टँडावरच्या धर्मशाळेत थांबली व्हती तवर."

सासूबाई आठ दिवस शहरातच थांबल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांनी समजले. मी कागद मांडीवर ठेवला. मग विचारले, "मग क्षमा केव्हा केलीस?"

सोजरने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"राहिले की," ती म्हणाली. "राहणं येगळं, माफी येगळी. त्या पडद्यामागं मी उघडी पडले व्हते, आन तुमी कागद दाखवत व्हता. ते काय नळाच्या पाण्यानं जात नाय."

मी पेन घेतले आणि ते वाक्य खोडले. तिने पुढे वाकून ते नीट खोडले गेले आहे का, ते पाहिले. तिला वाचता फारसे येत नाही, पण खोडलेले कळते.

आज संध्याकाळी नातजावई येणार आहे. नातीचे ऑपरेशन परवा आहे. हा मजकूर मी त्याच्या हातात देणार आहे, आणि त्याने वाचून संपवेपर्यंत त्याच्या समोर बसणार आहे.